वरच्या खोलीचा नेम

१

चातुर्मास बसला की पंकजाताईंची सकाळ रांगोळीच्या चिमटीने उजाडायची. अंघोळ झाली, ओल्या केसांना पंचा गुंडाळला, की अंगणातल्या तुळशीपुढे पाट टाकून त्या तेहतीस गोपद्मं काढायला बसायच्या. गोपद्म म्हणजे गाईचं पाऊल. रांगोळीच्या दोन पाकळ्या जवळजवळ आणि मध्ये खुराची फट, एवढंच. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज तेहतीस, अशी पाच वर्षं, मग उद्यापन. त्यांचं हे चौथं वर्ष होतं. सावेडीत खरी गाय आता कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या गाडीमागे एखादी दिसली तर दिसते, पण पंकजाताईंच्या अंगणात रोज तिची पावलं उमटत.

त्यांचे यजमान कारभारी सुप्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. पेन्शन नाही. फंडाच्या पैशातून त्यांनी गच्चीवर एक खोली, मोरी आणि पडद्याआड स्वयंपाकाचा ओटा असं बांधलं, बाहेरून चौदा पायऱ्यांचा जिना काढला आणि म्हणाले, "आता हाच माझा पगार."

त्या खोलीत दोन वर्षांपासून मिरजगावचं एक तरुण जोडपं राहत होतं. अंगद सुप्याला कंत्राटावर फिटर. बायको ज्ञानेश्वरी घरीच असायची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बोलायला मोकळी, हाताला चपळ. पहिल्याच आषाढात ती जिन्यावरून वाकून बघत राहिली होती.

"काकू, हे मला जमंल का?"

"जमेल की. पण मध्ये सोडायचं नाही हं."

तेव्हापासून तीही वर आपल्या देवांपुढे तेहतीस काढू लागली. तिची एक खोड होती. प्रत्येक पावलाच्या फटीत ती ओल्या हळदीचं एक टिंब ठेवायची. "नुसतं पांढरं पाऊल कसं रिकामं दिसतं," म्हणायची. महिन्याचे तिचे अडचणीचे चार दिवस आले की तिच्या वाटची तेहतीस पंकजाताई काढत, टिंबासकट. नेम तिचा, हात ह्यांचा. बायकांत हे चालतं. देवालाही ते माहीत असतं, असं पंकजाताईंना वाटे.

२

एप्रिलमध्ये कंत्राटदार बदलला आणि अंगदचं काम गेलं. मग कधी मंडईत हमाली, कधी कुणाच्या टेम्पोवर बदली ड्रायव्हर. भाडं थांबलं. एक महिना, दोन महिने, असं करत पाच झाले. कारभारी रोज जेवताना वरच्या छताकडे बघत घास चावायचे.

भाद्रपदात पितृपक्ष लागला. अंगदच्या वडिलांचा म्हाळ होता म्हणून दोघं मिरजगावला निघाली. जाताना ज्ञानेश्वरीने किल्ली पंकजाताईंच्या हातात ठेवली. "काकू, आज नि उद्या माझी तेवढी काढा. आमी उद्या सांजच्याला येतोच."

मंगळवारी पंकजाताईंनी वर जाऊन तिच्या देवांपुढे दिवा लावला, तेहतीस काढली, खाली येऊन किल्ली खिळ्याला अडकवली. दुपारी उठल्या तेव्हा खिळा रिकामा होता. कारभाऱ्यांनी वरचं कुलूप काढून आपलं पितळी कुलूप घातलं होतं आणि त्याची किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली होती.

"अहो, त्यांची किल्ली माझ्या भरवशावर होती."

"आणि माझं भाडं त्यांच्या भरवशावर होतं," कारभारी म्हणाले. "झालं की बरोबरीचं."

बुधवारी सकाळी पंकजाताईंनी तिच्या वाटची तेहतीस तुळशीपुढेच काढली. संध्याकाळी दोघं फाटकात आली. अंगद आवाज न चढवता म्हणाला, "काका, असं कुलूप नाही लावता येत. कायदा हाय."

"मग जा कोर्टात! दहा वर्षं चालू दे. तुझ्या आधीच्याने मला दोन वर्षं झुलवलं, अन् जाताना नळसुद्धा उपटून नेला. पाच महिन्यांचं भाडं आण, सामान घेऊन जा."

"सामान न्हाई नेयचं काका, ऱ्हायचंय."

"राहायचं असतं तर भाडं दिलं असतं."

शेजारच्या गॅलऱ्यांत माणसं उभी राहिली. अंगद खाली मान घालून गाडीला किक मारू लागला. ज्ञानेश्वरी मात्र फाटकाच्या गजांतून पंकजाताईंचा हात धरून म्हणाली, "काकू, बाकी र्‍हाऊ द्या. माझा नेम तेवढा मोडू देऊ नका."

"मी काढीन गं. काळजी करू नकोस."

गाडी वळणाआड गेल्यावर कारभारी म्हणाले, "तिच्या नावाची एक रेघ इथं ओढायची नाही. आज रांगोळी काढशील, उद्या दार उघडशील. मी ओळखतो तुला."

 तीस वर्षांच्या संसारात पंकजाताईंनी काही न बोलण्याचीच सवय लावून घेतली होती. गुरुवारी सकाळी त्यांनी तुळशीपुढे आपली तेहतीस काढली आणि दुसरी तेहतीस काढायला उचललेली चिमूट पुन्हा वाटीत सोडली.

३

त्याच दिवशी जिना झाडायला त्या वर गेल्या. पितळी कुलूप उन्हात चकाकत होतं. दाराच्या उंबऱ्याशी त्यांना पांढरं काहीतरी दिसलं.

अर्धं गोपद्म होतं ते. दोन पाकळ्यांची पुढची टोकं तेवढी बाहेर, मागचा भाग दाराखाली. जणू दार सताड उघडं असताना कुणी काढलं आणि मग त्यावर दार लोटलं.

मंगळवारी आपणच काढलेलं असेल, असं त्यांना आधी वाटलं. पण आपण देवांपुढे काढली, दारात नाही. आणि दार आतल्या बाजूला उघडणारं, पाकळ्या कुठेही फिसकटलेल्या नव्हत्या. त्या गुडघ्यांवर बसल्या, दाराखालच्या फटीत बोट घातलं. बोटाला ओलसर लागलं. बाहेर काढून पाहिलं तर टोक पिवळं झालं होतं.

भिजवलेली हळद भाद्रपदातल्या उन्हात दोन दिवस ओली राहत नाही, हे कुठल्याही गृहिणीला कळतं.

पंकजाताईंनी ओलं फडकं आणलं, दिसत होतं तेवढं पुसलं आणि खाली येऊन हात दोनदा साबणाने धुतले. मग त्यांना आपलंच वाईट वाटलं. गाईचं पाऊल पुसून का कुणी हात धुतं?

४

शुक्रवारी सबंध पाऊल उंबऱ्याबाहेर होतं. शनिवारी वरून पहिल्या पायरीवर. रविवारी एक पायरी सोडून खालच्या पायरीवर. खूर दरवेळी खाली उतरणारे.

पंकजाताई भोळ्या होत्या, पण बावळट नव्हत्या. त्यांनी एकेक शक्यता तांदळातल्या खड्यासारखी निवडून पाहिली. शेजारची पोरं? फाटकाला कडी असते. कुणाची चेष्टा? टिंबाची गोष्ट दोघींखेरीज कुणाला ठाऊक नाही. ज्ञानेश्वरीच पहाटे येऊन जाते का? मिरजगावहून रोज पहाटे, साठ-सत्तर किलोमीटर? तरीही सोमवारी त्यांनी फोन लावला.

पलीकडून भांड्यांचा आवाज आणि ज्ञानेश्वरीचा हसरा गळा आला. "काकू! आत्ता तुमचीच याद काढली. सासूबाई म्हणत होत्या, इथं काढ तुझी पावलं. मी म्हणलं, न्हाई, काकू काढत्यात तिकडं. एका नेमाच्या दोन जागा कशाला? काढताय ना?"

पंकजाताईंची नजर जिन्याकडे गेली. त्या दिवसाचं पाऊल त्यांनी नुकतंच पुसलं होतं, पायरी अजून ओली होती.

"हो गं," त्या म्हणाल्या. "रोज निघतात."

फोन ठेवून त्यांनी फडकं पिळून वाळत घातलं. इतक्या वर्षांत इतके उपास केले, इतक्या कहाण्या वाचल्या, आणि आज खोटं बोलले तेही एका नेमाबद्दल. पण ते धड खोटंही नव्हतं. तेच त्यांना जास्त भीतीचं वाटलं.

५

मंगळवारी दुपारी त्या आडव्या झाल्या होत्या. पंखा बंद, वीज गेलेली. एरवी रस्त्यावरच्या रिक्षांत बुडून जाणारे घरातले आवाज अशा वेळी वर येतात. नळाची थेंब-थेंब, कारभाऱ्यांचं घोरणं.

आणि छतावर कुणीतरी भार बदलला.

पावलांचा आवाज नव्हता तो. माणूस चालला की आवाज पुढे सरकतो. हा एकाच जागी, आधी डावीकडे, मग उजवीकडे, जड, सावकाश. मग एक लांब उसासा. त्याच्यामागून एक संथ घासल्यासारखा आवाज सुरू झाला. घर्र... थांबा... घर्र... थांबा. पंकजाताई माहेरी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत वाढलेल्या. तो आवाज ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. रवंथ.

त्या उठून बसल्या. आवाज थांबला नाही. जणू वर जे होतं त्यालाही घाई नव्हती.

संध्याकाळी भांड्यांना गोजरबाई आल्या. तोंडाने सडेतोड बाई. मोरीत बसल्या बसल्या त्यांनी नाक वर केलं. "ताई, वर भाडेकरू घालवून म्हस बांधली का काय काकांनी?"

"का हो?"

"शेनाचा वास येतूया की. ताज्या शेनाचा. अन् हिरव्या कडवळाचा." गोजरबाई हसल्या. "बांधा बाई बांधा. म्हस दूध तरी दील. मानूस भाडं बी दीना."

ओट्यापाशी चहा घेत असलेले कारभारी कप ठेवून उठले. "उंदीर मेला असेल वर," म्हणाले आणि चपला न घालताच बाहेर गेले. पंकजाताईंनी पाहिलं, जिन्याजवळून जाताना ते जरा लांबून गेले.

६

दिवस जात होते आणि पाऊल उतरत होतं. बुधवारी, गुरुवारी. शुक्रवारी सर्वांत खालच्या पायरीवर. शनिवारी सकाळी ते जिना सोडून अंगणात होतं, तुळशीच्या ओट्याला वळसा घालून घराकडे तोंड करून.

आपल्या अंगणात गाईचं पाऊल यावं हे एरवी किती भाग्याचं! दिवाळीत वसुबारसेला आपण हौसेने काढतो. मग ह्या पावलाची भीती का वाटते? पंकजाताईंनी स्वतःला विचारलं आणि उत्तर त्यांना आवडलं नाही. बोलावलेलं पाऊल वेगळं आणि जाब विचारायला निघालेलं वेगळं.

दुपारी ज्ञानेश्वरीचा फोन आला. आज गळा हसरा नव्हता.

"काकू, ह्यांना सुप्याच्या दुसऱ्या कंपनीतून बोलावणं आलंय. पर्मनंटची जागा हाय. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. पन आयटीआयचं सर्टिफिकेट अस्सल पायजे, झेरॉक्स चालत न्हाई. ते वर ऱ्हायलंय, पलंगाखालच्या ट्रंकेत, निळ्या फायलीत. काकू, काकांना सांगा ना. नोकरी लागली की पयल्या पगारापासनं भाडं फेडतो. हे म्हणत्यात मी पाया पडायला येतो. मीच नको म्हणलं. त्यांच्या जिवाला लई लागलंय."

पंकजाताईंनी जेवताना विषय काढला. कारभाऱ्यांनी ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

"फाईल दिली की झालं. मग ते कशाला येतात परत? माझ्या हातात काय राहिलं?"

"नोकरी नाही लागली तर भाडं तरी कुठून देतील?"

"ते मला नको सांगू."

"सोमवार गेला की जागा गेली अहो. त्या पोराचं आयुष्य आहे त्या ट्रंकेत."

 कारभाऱ्यांचा हात सदऱ्याच्या आतल्या खिशाकडे गेला आणि किल्ली जागेवर आहे हे चाचपून परत आला. 

७

रविवारी सर्वपित्री अमावास्या. घरात सगळ्या पितरांचा एकत्र स्वयंपाक होता. भल्या सकाळी पंकजाताई स्वयंपाकघरात आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

देव्हाऱ्यापुढे, त्यांच्या रोजच्या पाटाला लागून, एक गोपद्म होतं. फटीत हळदीचं टिंब, अजून ओलं.

दाराला आतून कडी होती. ती त्यांनी रात्री स्वतः लावली होती आणि आत्ता ती तशीच होती.

फडकं आणायला त्या वळल्याच नाहीत. पुसायचं कशासाठी? आता पुढे जायला पाऊल उरलंच कुठे होतं? त्यांनी आपला पाट बाजूला सरकवला, देवापुढे हात जोडले आणि मनात म्हणाल्या, चुकले. मग गॅस पेटवून त्या वडे-खिरीला लागल्या. हात काम करत होते, पण पोटात एक निश्चय खिरीसारखा दाटत होता.

दुपारी नैवेद्याची पानं वाढून झाली. कावळ्याचं पान अंगणाच्या कुंपणावर गेलं. गोग्रासाचं, गाईच्या घासाचं पान हातात घेऊन कारभारी कोपऱ्यावरची गाय शोधायला गेले आणि अर्ध्या तासाने पान तसंच घेऊन परतले.

"गाय नाही कुठेच. सगळीकडे हिंडलो."

"आहे," पंकजाताई म्हणाल्या. "वर आहे. किल्ली द्या."

 कारभारी पान हातात धरून देव्हाऱ्यापुढच्या पावलाकडे बघत राहिले.

"तू काढलंस हे?"

"नाही."

"खरं सांग. मी रागावणार नाही. बारा दिवस झाले, मी एक शब्द तरी बोललो का? मी नको म्हणालो तरी तू काढत होतीस, मला टोचायला. म्हटलं काढू दे, आपण पुसून टाकू."

पंकजाताईंना क्षणभर कळेना. "तुम्ही पुसत होता?"

"रोज. पहाटे फिरायला निघतो तेव्हा. आधी वरच्या दारापुढेच दाटी, मग दारापासून खालपर्यंत ओळच असायची. कधी एका पायरीवर चार, कधी पाच. फडकं मारत उतरायचो." त्यांनी पान दुसऱ्या हातात घेतलं. "एकदा मोजली. बत्तीस पुसली. सगळ्यात खालचं एक मात्र राहायचं. रोज ठरवायचो पुसायचं, पण त्याच्यावर हात जायचा नाही. ते घराकडे बघत असायचं. म्हटलं असू दे, हिचं हीच पुसेल."

"ते एक मी पुसत होते," पंकजाताई म्हणाल्या. "मला तेवढंच दिसायचं."

बाहेर कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्यातरी मोबाईलवर अभंग. घरात दोघं नवराबायको एकमेकांकडे बघत उभी होती आणि दोघांनाही एकच हिशेब कळला होता. बत्तीस आणि एक.

"अगं, मग काढतंय कोण?"

"नेम चालवायचं कबूल मी केलं होतं. मी चालवला नाही. तो चालला, एवढं मला माहीत आहे." त्यांनी हात पुढे केला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्यापुढे असा तळवा पसरला असेल, आणि तो मागण्यासाठी नव्हता. "तिची किल्ली माझ्या हातून गेली. ही माझ्या हातात द्या."

कारभाऱ्यांनी खिशात हात घातला.

८

भर दुपारची दोनची वेळ. चौदा पायऱ्या चढायला त्यांना बराच वेळ लागला. पुढे पंकजाताई, मागे कारभारी. गोग्रासाचं पान अजून त्यांच्या हातातच होतं, खाली ठेवायचं राहून गेलं होतं.

दाराला कान लावायचा धीर पंकजाताईंना झाला नाही. पण लावायची गरजही नव्हती. आतला श्वास दारातूनच कळत होता. लांब, ओलसर, तक्रार नसलेला.

कुलूप निघालं. दार आत गेलं.

खोली बारा दिवस बंद होती. कुबट वास यायला हवा होता. पण आला तो पहाटेच्या गोठ्याचा, कोमट आणि गोड. खिडक्या लावलेल्या, अर्धा उजेड. पलंग, कपाट, भिंतीवर देवांची फळी, सगळं जागच्या जागी. फरशी मात्र लख्ख. बोट फिरवलं तर धूळ लागू नये इतकी. आणि रांगोळीची एकही रेघ नाही.

"फाईल घे आणि चल," कारभारी कुजबुजले.

पंकजाताई पलंगाशी वाकल्या. ट्रंक ओढली, झाकण उघडलं, साड्यांखाली निळी फाईल लागली. ती छातीशी धरून त्या उठल्या आणि त्यांची नजर ओट्याच्या पडद्याकडे गेली.

पडदा फुगला होता.

वाऱ्याने फुगतो तसा नव्हे. खिडकी बंद होती. पलीकडून काहीतरी रुंद, उंच, त्याला टेकून उभं होतं. कापडावर पाठीच्या कण्याचा बाक दिसत होता आणि श्वासागणिक तो वरखाली होत होता. पडद्याच्या खालच्या काठाशी, फरशीलगत, काळसर असं काहीतरी एकदा उचललं गेलं आणि परत टेकलं.

पंकजाताईंना पळावंसं वाटलं, आणि त्याच वेळी, हे त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही, पडदा सारून त्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला.

त्यांनी दोन्हींतलं काही केलं नाही. त्या म्हणाल्या, "आता ती येईल हो. आजच येईल." 

मग कारभारी पुढे झाले. आयुष्यभर स्टोअरच्या खिडकीतून माणसांना सही घेतल्याशिवाय खिळाही न दिलेला तो माणूस गुडघ्यांवर बसला, त्याने पान पडद्यापासून हातभर अंतरावर ठेवलं आणि हात जोडले.

पडद्यामागचा उसासा हळूहळू लांबला. मग कापड सैल पडलं आणि सरळ लोंबू लागलं. नुसतं कापड.

दोघं बाहेर आली. पंकजाताईंनी दार ओढून घेतलं. कुलूप मात्र कुणी लावलं नाही. कारभाऱ्यांनी ते सदऱ्याच्या खिशात टाकलं, आणि जिना उतरता उतरता अंगदचा नंबर लावला.

"हॅलो. अंगद? मी काका. फाईल काढून ठेवली आहे. ये." थोडं थांबून, खाकरून, "आणि तिलाही घेऊन ये. दार उघडं आहे. पगार झाला की भाड्याचं बघू. अरे हो हो, रडतोस काय! गाडी नीट चालव, रस्त्याला ट्रक असतात."

९

तिन्हीसांजेला दोघं आली. त्याआधी कारभारी एकटेच वर जाऊन आले होते. गोग्रासाचं रिकामं पान घडी घालून त्यांनी कोपऱ्यातल्या बादलीत टाकलं. 

अंगदने फाईल दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. ज्ञानेश्वरी वर गेली आणि जिन्याच्या कठड्यावरून ओरडली, "काकू, खोली झाडली व्हय तुमी? लई चकचकीत ठिवली की!"

पंकजाताई तिच्यामागून वर गेल्या. खोलीत आता उदबत्तीचा आणि बंद कपाटाचा साधा वास होता. त्यांनी तिचा हात धरला, जसा तिने त्यांचा फाटकात धरला होता.

"मी तुझ्याशी खोटं बोलले गं. तुझी गोपद्मं मी काढली नाहीत. हे नको म्हणाले आणि मी घाबरले."

 ज्ञानेश्वरीने देवांच्या फळीखालच्या फरशीकडे पाहिलं, बोटाने ती पुसल्यासारखी केली, आणि बोट उजेडात धरून बघितलं. काय दिसलं ते तिने सांगितलं नाही.

"जाऊ द्या काकू," ती हळूच म्हणाली. "मोडला न्हाई, एवढं मला इथं पाय टाकल्या टाकल्या कळलं. उद्यापासनं मी हाय की."

सोमवारी घट बसले. अंगद सकाळी सहालाच सुप्याला गेला. दुपारी त्याचा फोन आला आणि वरून ज्ञानेश्वरीने आनंदाने काहीतरी दणकन खाली पाडलं. छताचा पोपडा कारभाऱ्यांच्या ताटात पडला.

"काय चाललंय वर!" ते ओरडले. "घर पाडता का माझं?"

"आता जेवा गुपचूप," पंकजाताई म्हणाल्या. छतावर हलक्या, घाईच्या, माणसाच्या पावलांचा आवाज इकडून तिकडे धावत होता. बऱ्याच दिवसांनी त्या वर न बघता ऐकत होत्या.

थोड्या वेळाने जिन्यावर चपला वाजल्या. दारात ज्ञानेश्वरी उभी, हातात स्टीलची छोटी वाटी, चेहऱ्यावर ऊन.

"काकू, विरजण असंल का चमचाभर? हे म्हणत्यात, उद्या डब्याला दही पायजे."

पंकजाताईंनी फडताळातून दह्याचं भांडं काढलं. चमचाभर मागितलं होतं. त्यांनी वाटी काठोकाठ भरून दिली.